नाकापेक्षा मोती जड

फॉक्स ३५ हे मॉडेल विमानाचं इंजिन तळहातावर सहज मावतं. वजन १८५ ग्रॅमच्या आसपास, सिलिंडरचा व्यास २०.३ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १७.८. हिशेब केला की क्षमता ५.८ घन सेंटिमीटर भरते. घन इंचांत ०.३५, म्हणून नाव ३५. ड्यूक फॉक्स यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते बनू लागलं आणि अर्धशतकाहून जास्त काळ बनत राहिलं. त्यामुळे जुन्या सामानात ते अजूनही सापडतं, आणि ज्याच्या हाती लागतं त्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे लावायचं कोणत्या विमानाला?

बहुतेक जण क्षमतेचा आकडा पाहून विमान निवडतात. गफलत इथेच होते असं मला वाटतं. ३५ हा आकडा इंजिनाचं आकारमान सांगतो, स्वभाव सांगत नाही. आणि कंट्रोल-लाइनमध्ये, म्हणजे तारांना बांधून गोल फिरवायच्या विमानांत, जोडी जुळते ती स्वभावावर.

कंट्रोल-लाइन विमान म्हणजे इंजिन लावलेली गोफण. उडवणारा मैदानाच्या मधोमध हातात मूठ धरून उभा राहतो. मुठीपासून निघालेल्या सुमारे १८ मीटर लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकातून आत शिरतात आणि बेलक्रँक नावाच्या छोट्या तरफेला जोडलेल्या असतात. मनगट वर-खाली झालं की शेपटीवरची हलती पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, हलते आणि विमान चढतं किंवा उतरतं. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतल्या अनेक छात्रांनी हा खेळ जवळून पाहिलेला असतो. जुन्या पद्धतीच्या विमानात इंजिन कमी-जास्त करायची सोयच नसते. एकदा सोडलं की टाकी रिकामी होईपर्यंत ते आपल्या मर्जीने चालतं. म्हणून त्याची मर्जी आधी ओळखावी लागते.

गोफणीतला दगड जोरात फिरला तरच दोरी ताठ राहते. हाताची लांबी धरून त्रिज्या १९ मीटर आणि एका फेरीला ५.२ सेकंद घेतले, तर विमान सेकंदाला २३ मीटर वेगाने जातं. ते १.२ किलोचं असेल, तर हाताला जवळपास साडेतीन किलोंची ओढ लागते. डोक्यावरून जाताना विमानाचं स्वतःचं वजन त्यातून वजा होतं आणि सव्वादोन किलोंच्या आतच ओढ उरते. तिथेच वेग मंदावला आणि फेरी पावणेनऊ सेकंदांच्या हिशेबाने होऊ लागली, तर ओढ शून्य होते. तारा सैल पडतात, मूठ हलवून काही उपयोग होत नाही, आणि वर गेलेलं विमान नुसतं खाली येतं.

म्हणजे असं इंजिन हवं, जे चढावर जोर लावेल आणि उतारावर आवरतं घेईल. फॉक्स ३५ ची कीर्ती झाली ती नेमकी यामुळे. ते दोन स्ट्रोकचं इंजिन आहे. सुईच्या झडपेतून इंधन जरा जास्त सोडलं, की ते दांड्याच्या दर फेरीला पेट न घेता, चार स्ट्रोकच्या इंजिनासारखं, एक फेरी सोडून पेट घेतं आणि जाडसर, गुरगुरता आवाज काढतं. विमानाचं नाक वर झालं की प्रोपेलरवर भार वाढतो, टाकीतून येणारं इंधन किंचित कमी पडतं आणि इंजिन दर फेरीला पेट घेऊ लागतं. आवाज चिरका होतो, ताकद वाढते. विमान पुन्हा सपाट झालं की परत गुरगुर. अमेरिकेतले हौशी लोक याला ‘चार-दोन-चार’ म्हणतात. ताकदीचं हे नियंत्रण कोणत्याही सुट्या भागाशिवाय, निव्वळ ज्वलनातून मिळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हा गुण दिसायचा तर प्रोपेलर सोयीचा हवा. १० बाय ६, म्हणजे व्यास १० इंच आणि एका फेरीत कागदावर ६ इंच पुढे सरकणारा, या इंजिनाला मानवतो. मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्या धरल्या तर सेकंदाला २४ मीटर होतात. हवेतली घसर वजा करा, की आपले २३ मिळतात. इंजिन, प्रोपेलर आणि तारांची लांबी इथे एका आकड्यावर येतात.

आता विमानाचं वजन. चार मीटर त्रिज्येचं कडक वळण २३ मीटरच्या वेगाने घ्यायचं, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या साडेतेरापट भार उचलावा लागतो. १.२ किलोच्या विमानाला सोळा किलोंहून जास्त! टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आखलेलं नोबलर हे विमान अशा वळणांसाठीच होतं: सुमारे १२७ सेंटिमीटर लांबीचे जाड पंख, बाल्सा या हलक्या लाकडाची बांधणी, आणि एलिव्हेटरबरोबर उलट दिशेने हलणारे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या. फॉक्स ३५ साठी मला याहून चांगला जोडीदार सुचत नाही.

याच विमानावर शंभर ग्रॅम जड इंजिन बसवून पाहा. ते गुरुत्वमध्याच्या २५ सेंटिमीटर पुढे असेल, तर तोल साधायला ५० सेंटिमीटर मागे शेपटीत ५० ग्रॅम शिसं घालावं लागेल. वजन वाढलं दीडशे ग्रॅमने, आणि त्या कडक वळणात पंखांवरचा भार दोन किलोंनी. नाकापेक्षा मोती जड तो असा. उलट, आजच्या मोठ्या इंजिनांसाठी आखलेल्या विमानाला फॉक्स ३५ लावलं, तर ते डोक्यावर पोहोचेपर्यंत दमतं.

पहिल्यांदाच विमान बांधणाऱ्याने मात्र नोबलरच्या वाटेला जाऊ नये. त्याच काळातलं स्टर्लिंग कंपनीचं रिंगमास्टर घ्यावं. त्याचं धड म्हणजे बाल्साची एक सपाट फळी, पंख सुमारे १०७ सेंटिमीटर. आपटलं तरी संध्याकाळी चिकटवून होतं. पण सपाट धड इंजिनाच्या धक्क्यांनी थरथरतं, टाकीतल्या इंधनाला फेस येतो, फेसातली हवा आत जाते आणि ‘चार-दोन-चार’ची लय बिघडते. नाकाच्या दोन्ही बाजूंना प्लायवूड चिकटवलं आणि इंजिनाखालचे लाकडी दांडे पंखात खोलवर नेले, की थरथर बरीच आटोक्यात येते.

इंधनात कंजुषी नको. या इंजिनाचा लोखंडी दट्ट्या पोलादी सिलिंडरमध्ये रिंगशिवाय, घासून बसवलेला असतो. तेलाचं प्रमाण चतुर्थांशाहून जास्त हवं आणि त्यात निम्मं तरी एरंडेल. तापल्यावरही धातूला धरून राहणारं हे तेल वर्षानुवर्षं पडून राहिलं, की राळेसारखं घट्ट होतं. त्यामुळे जुनं इंजिन फिरत नसेल तर पकड लावून जोर करू नये. हळूहळू गरम केलं की राळ सुटते आणि दट्ट्या बोटानेही हलू लागतो.

पहिल्या उड्डाणात दहा फेऱ्या सपाटच माराव्यात आणि मदतनिसाने घड्याळ लावावं. बावन्न सेकंदांच्या जवळपास आलं, आवाज गुरगुरताच असला, तर मनगट हळूच वर करावं आणि विमान चढताना आवाज केव्हा बदलतो ते ऐकावं.