ड्रॅगन फ्रूट : जमिनीची सुपीकता व फळाची प्रत

ड्रॅगन फ्रूट हे निवडुंग कुलातील वेलवर्गीय फळपीक असून त्याचे मूळस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका आहे. पूर्वी हायलोसेरियस प्रजातीत मोडणाऱ्या त्याच्या जाती आता सेलेनिसेरियस प्रजातीत धरल्या जातात. निवडुंग असल्याने त्याला खतपाणी लागत नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात रानात हा वेल झाडांच्या आधाराने चढतो आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर पोसतो. त्यामुळे सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली, भुसभुशीत, निचऱ्याची जमीन त्याला मानवते. सामू (pH, म्हणजे जमिनीच्या आम्लतेचे माप) साधारण 5.5 ते 7 असावा. चुनखडीच्या जमिनीत लोह व जस्ताची उणीव भासते, तर पाणी साचल्यास मुळे कुजतात. म्हणून भारी जमिनीत लागवड उंच गादीवाफ्यावरच करावी.

बहुतेक मुळे वरच्या 15 ते 30 सेंमी थरात पसरतात. आच्छादन हाताने बाजूला सारले, तर लगेच खाली बारीक तंतुमुळांचे जाळे दिसते. खोल खुरपणीने ते तुटते. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत बुंध्याला न चिकटवता भोवती पसरावे व आच्छादनाने झाकावे.

खत किती द्यावे यापेक्षा ते केव्हा द्यावे, हा प्रश्न या पिकात अधिक अवघड आहे. हंगामात बहर टप्प्याटप्प्याने येत असल्याने एकाच वेलावर कळी, फूल आणि पिकू लागलेले फळ एकत्र असते. साहजिकच एकरकमी मात्रेपेक्षा ठिबकमधून थोडे थोडे खत देणे सोयीचे ठरते. काढणी व छाटणीनंतर नव्या फांद्यांसाठी नत्र लागते. पण ते जास्त झाले की फांद्या लुसलुशीत होतात, बहर लांबतो व रोग बळावतात. फळ पोसताना पालाश (पोटॅशियम) महत्त्वाचे, कारण साखर फळाकडे वाहून नेण्यात त्याचा वाटा असतो. क्षारपड जमिनीत ते क्लोराइडऐवजी सल्फेटच्या रूपात द्यावे. पालाशचा अतिरेक मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियमचे शोषण अडवतो. कॅल्शियम कमी पडले की साल कमकुवत होते, आणि ताणानंतर एकदम पाणी मिळाल्यास फळे तडकतात.

तोडल्यावर हे फळ आणखी गोड होत नाही. गोडी वेलावर असतानाच भरावी लागते. ती ब्रिक्समध्ये, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेच्या साधारण टक्केवारीत मोजतात. गराच्या मध्यभागी ती सालीजवळच्या भागापेक्षा स्पष्टपणे जास्त असते, त्यामुळे नमुना कुठून घेतला हे न सांगता दिलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. गराचा लाल रंग बीटासायनिन या रंगद्रव्यामुळे येतो व तो मुख्यतः वाणावर ठरतो. पांढऱ्या गराचे वाण कोणत्याही खताने लाल होत नाही.

लहान फळांचा दोषही दर वेळी जमिनीचा नसतो. काही वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत. परागीकरण अपुरे झाले की बिया कमी भरतात आणि फळ लहान राहते. अशा बागेत खताची मात्रा वाढवून उपयोग नाही. फुले रात्री उमलतात तेव्हा दुसऱ्या वाणाचे पराग ब्रशने लावावे लागतात.