मॉडेल इंजिन, घरी बांधलेले विद्युत: वीजपुरवठा आणि नियंत्रण

उंचीने जेमतेम गुडघ्याला लागेल, पण मागे चार-पाच माणसे बसवून ओढेल असे विजेचे रेल्वे इंजिन घरच्या वर्कशॉपमध्ये बांधण्याचा छंद विशेषतः ब्रिटनमध्ये रुजला. तिथल्या क्लबांच्या रुळांवर दोन रुळांमधल्या अंतराची ५ इंची (१२७ मिमी) आणि सव्वासात इंची (१८४ मिमी) ही दोन मापे जास्त दिसतात. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात धावतात त्या टेबलावरच्या गाड्या. त्यांची जातकुळी वेगळी. इथे चालक बहुधा इंजिनामागच्या गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसतो. गंमत म्हणजे १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्स यांनी प्रवासी ओढून दाखवलेले विजेचे इंजिनही साधारण याच थाटाचे होते. त्याला वीज रुळांमधल्या पट्टीतून मिळे. आजचे हौशी लोक वीज बरोबर घेऊन फिरतात.

नेहमीची मांडणी म्हणजे १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या, एकूण २४ व्होल्ट. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर याच व्होल्टेजवर चालत असल्याने मोटरी आणि त्यांची वीज कमी-जास्त करणारे कंट्रोलर सहज मिळतात. कारची बॅटरी मात्र इथे कामाची नाही. ती क्षणभर मोठा करंट देऊन स्टार्टर फिरवण्यासाठी असते. रोज खोलवर रिकामी केली की लवकर बसते. घरच्या इन्व्हर्टरला वेगळी बॅटरी लागते त्याचे कारणही हेच. ७५ अँपिअर-तासांच्या जोडीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास भरतात, पण बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत. बाकी ठिकाणी नको वाटणारे शिशाचे वजन इथे उपयोगी पडते. चाके घसरू नयेत म्हणून इंजिन जड हवेच. लिथियम बॅटरी बसवणारे हलक्या वजनाचे पैसे मोजतात आणि मग तळाशी लोखंडाच्या पट्ट्या बोल्ट करतात!

खरा प्रश्न गाडी धावती ठेवण्याचा नसतो, हलवण्याचा असतो. ब्रशची डीसी मोटर थांबलेली असताना नुसत्या तारेच्या वेटोळ्यासारखी वागते. तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.२ ओहम असेल, तर थेट २४ व्होल्ट जोडताच करंट १२० अँपिअरकडे झेपावतो. मोटर फिरू लागली की तिच्यातच उलट दाब (उलट्या दिशेचे व्होल्टेज) तयार होतो आणि करंट खाली येतो. मुंबईत १९२५ साली सुरू झालेल्या १,५०० व्होल्ट डीसी गाड्यांपुढे हीच अडचण होती. तिथे मोटरीआधी मोठे रोध जोडून ते टप्प्याटप्प्याने काढत. मॉडेलमध्येही ही युक्ती चालते, पण प्रत्येक टप्प्याला हिसका बसतो आणि बॅटरीतली वीज रोध तापवण्यात जाते.

म्हणून आता बहुतेक जण पल्स-विड्थ मॉड्युलेशनचा, म्हणजे पीडब्ल्यूएमचा कंट्रोलर वापरतात. ट्रान्झिस्टर सेकंदाला साधारण २०,००० वेळा वीज चालू-बंद करतात. याहून बराच कमी वेग ठेवला तर मोटर कानाला त्रास होईल अशी शिटी वाजवते. चालू वेळ एक चतुर्थांश असेल तर मोटरला सरासरी ६ व्होल्ट मिळतात. नवख्याला चक्रावणारी गोष्ट अशी की अशा वेळी बॅटरीच्या तारेवरचा अँमीटर १० दाखवत असताना मोटरीतून ४० अँपिअर वाहत असतात. मोटर हाताला चटका देते आणि काटा मात्र शांत.

चांगला कंट्रोलर ब्रेकही लावतो. उतारावर मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परतते. मात्र अशा वेळी मुख्य फ्यूज उडाला तर त्या विजेला वाट उरत नाही, व्होल्टेज चढते आणि कंट्रोलर जळू शकतो. त्यामुळे चाकांवर घासणारा साधा ब्रेक असायलाच हवा. तो वगळणे हा आळस आहे, काटकसर नव्हे.

वेगाची मूठ म्हणजे लांब वायरच्या डबीतला एक पोटेन्शियोमीटर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध. त्याची वायर तुटली तर कंट्रोलरने ते शून्य समजावे, पूर्ण वेग नव्हे. चावी फिरवताना मूठ शून्यावर नसेल तर गाडी हलू नये. मूठ झटकन फिरवली तरी वेग काही सेकंदांत हळूहळू चढावा.

दोन मोटरी असतील तर त्या पॅरलल, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज मिळेल अशा, जोडाव्यात. सिरीजमध्ये एक चाक घसरले की त्याच्या मोटरीचा उलट दाब वाढतो, दुसरीच्या वाट्याचे व्होल्ट तीच खाते आणि गाडी जागेवर. चाक १२० मिमी व्यासाचे असेल तर ताशी ८ किलोमीटरला ते मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेते. ३,००० फेऱ्यांच्या मोटरीला साडेआठास एक असा गिअर लागतो. तो चेनने किंवा दातेरी पट्ट्याने साधावा. टेबलावरच्या छोट्या गाड्यांतला वर्म गिअर (मळसूत्री दांड्याने फिरणारे दातेरी चाक) इथे नको, कारण बहुतेक वर्म गिअर चाकाकडून उलटे फिरत नाहीत, आणि वीज तुटताच चाके जाम होतात.

पहिल्या चाचणीला इंजिन ठोकळ्यांवर उचलून चाके अधांतरी ठेवतात आणि फ्यूजच्या जागी ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब जोडतात. मूठ शून्यावर असताना बल्ब लुकलुकून विझला तर कंट्रोलरमधले वीज साठवणारे कॅपॅसिटर भरले, एवढेच. पेटलेलाच राहिला तर बॅटरी सोडवून शॉर्ट शोधायला बसायचे.