जुन्या मालिकांची वाहिनी आणि जुन्या मालिकांचा संग्रह

एखादी जुनी मालिका दूरचित्रवाणीवर पुन्हा सुरू झाली की ‘बरे झाले, कोणीतरी जपून ठेवली होती’ असे आपण सहज बोलून जातो. या उद्गारात दोन निराळ्या व्यवस्थांची गल्लत असते. जुन्या मालिका दाखवणारी वाहिनी ही शेवटी वाहिनीच असते. तिला दिवसाचे चोवीस तास भरायचे असतात, प्रेक्षक आणि जाहिरातदार टिकवायचे असतात, आणि त्यासाठी हाताशी जे चालण्याजोगे असेल ते ती फिरून फिरून दाखवते. संग्रहाचे, म्हणजे अभिलेखागाराचे, काम जवळजवळ याच्या उलट आहे. कोणी पाहो वा न पाहो, जे प्रक्षेपित झाले ते मूळ रूपात सांभाळायचे आणि ते केव्हा, कोठे, कोणत्या क्रमाने दाखवले गेले याची नोंद ठेवायची, ही त्याची जबाबदारी असते. मालिका दोन्हीकडे एकच असते, म्हणून ही दोन कामेही एकच वाटतात.

२०२०च्या टाळेबंदीने ही गल्लत आपल्याकडे आणखी पक्की केली. २८ मार्च २०२० रोजी दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले, त्याच दिवशी ‘डीडी भारती’वर ‘महाभारत’ आले, आणि १३ एप्रिलला जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ ही स्वतंत्र वाहिनीच उघडण्यात आली. १६ एप्रिलचा ‘रामायण’चा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचा दावा दूरदर्शनने केला. त्या आकड्याच्या खरेखोटेपणावर पुढे बराच वाद झाला, तो येथे सोडून देऊ. मुद्दा एवढाच, की त्या तीन आठवड्यांत प्रेक्षकांनी १९८७ची मालिका पाहिली, पण १९८७चे प्रक्षेपण काही पाहिले नाही.

दोहोंतला फरक नेमका काय, हे याच मालिकेच्या शेवटाकडे पाहिले तर स्पष्ट होते. मूळ ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी, आठवड्याला एक भाग या गतीने, दीड वर्ष चालले. रावणवध आणि राज्याभिषेक झाला आणि मालिका संपली. रामानंद सागर यांना ती तेथेच थांबवायची होती. पण उत्तर भारतात वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी उत्तरकांडही दाखवावे या मागणीसाठी काम बंद ठेवले, अनेक शहरांत कचऱ्याचे ढीग साचले, आणि काही महिन्यांच्या खंडानंतर ‘उत्तर रामायण’ नावाची वेगळी मालिका आली. २०२०मध्ये मात्र दिवसातून दोनदा भाग दाखवून ‘रामायण’ तीन आठवड्यांत संपवले गेले आणि पाठोपाठ, मध्ये रविवारभराचीही विश्रांती न देता, ‘उत्तर रामायण’ सुरू झाले. नव्या प्रेक्षकाला ती एकसंध गोष्ट वाटली, आणि वाहिनीच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण प्रेक्षक हातचा जाऊ न देणे हेच तिचे काम. संग्रहाला मात्र हा खंड बुजवता येत नाही. दोन मालिकांमधले ते काही महिने, तो संप, सरकारदरबारी झालेली हालचाल हाही त्या मालिकेच्या इतिहासाचा भाग आहे, आणि माझ्या मते राज्याभिषेकाच्या भागाइतकाच महत्त्वाचा आहे.

पुनःप्रक्षेपणासाठी मालिकेचे रूप किती बदलते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १९५१मध्ये सीबीएसवर सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’ ही विनोदी मालिका आजवर बहुतेकांनी पुनःप्रक्षेपणातच पाहिली आहे, आणि तिचे नाव काढले की सॅटिनच्या कापडावरच्या हृदयाच्या आकारात उमटणारी शीर्षकाची अक्षरे आठवतात. मूळ प्रक्षेपणात ते हृदय नव्हते. तेथे चालत्याबोलत्या रेखाचित्रांतले नायक-नायिका येत आणि प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या मालाभोवती बागडत. मालिका पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा तो प्रायोजक मिरवणे शक्य नव्हते, म्हणून रेखाचित्रे काढून हृदय बसवले गेले. म्हणजे ज्या चित्राने लोक ती मालिका ओळखतात ते चित्रच पुनःप्रक्षेपणाचे अपत्य आहे. नुसती वाहिनी पाहणाऱ्याला हे कधीच कळले नसते. मूळ प्रती कोठेतरी शिल्लक होत्या म्हणून ते कळले.

ही मालिका मुळात टिकली याचे श्रेयही जपणुकीच्या हेतूला फारसे जात नाही. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. मालिकेचे नायिका-नायक असलेल्या लूसिल बॉल आणि देसी आर्नाझ या जोडप्याला कॅलिफोर्निया सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी मालिका तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केली आणि मानधनात घट सोसून तिची मालकी स्वतःकडे ठेवली. फिल्म होती म्हणून ती पुन्हा दाखवता आली, आणि पुन्हा दाखवून पैसा मिळतो हे दिसले म्हणून फिल्म जपली गेली.

वाहिनीवर होणारे इतर फेरफार मात्र सरळसरळ नुकसानीचे असतात. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकी अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग सुमारे २६ मिनिटांचा असे. आजच्या जाहिरातींच्या गर्दीत सुमारे २२ मिनिटे उरतात, तेव्हा मधली चार मिनिटे कापावी लागतात, आणि काही वाहिन्यांनी तर डोळ्यांना जाणवणार नाही इतपत वेग वाढवूनही वेळ काढला आहे. चित्राच्या चौकटीचा प्रश्न तर आपल्याही घरात दिसतो. जुन्या मालिका ४:३ या प्रमाणात चित्रित झालेल्या असतात, आणि आजचा पडदा १६:९ असतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणे हा प्रामाणिक मार्ग, पण पडदा रिकामा दिसतो अशी तक्रार येईल या धास्तीने चित्र आडवे ताणले जाते किंवा वरून-खालून छाटले जाते. ताणले की सगळी पात्रे स्थूल होतात. छाटले की पौराणिक मालिकेत पहिला बळी मुकुटाच्या शेंड्याचा जातो.

वाहिनीवर काय दिसेल हे आणखी एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे मालकी. ‘रामायण’ दूरदर्शनवर गाजले तरी त्याचे हक्क सागर कुटुंबाकडे होते, आणि २०२०मध्ये ते पुन्हा दाखवण्यापूर्वी प्रसारभारतीला हक्कधारकांशी बोलणी करावी लागली. तीच मालिका ४ मेपासून ‘स्टार प्लस’ या खासगी वाहिनीवर दिसू लागली तीही त्यामुळेच. आपल्या कायद्यानुसार चित्रपटांप्रमाणे अशा मालिकांचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो, म्हणजे १९८७मध्ये दाखवल्या गेलेल्या भागांवर तो २०४७च्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा एखादी आवडती मालिका वाहिनीवर येत नसेल तर ती नष्टच झाली असेल असे नव्हे. कदाचित निर्मात्याच्या वारसांचे आपसांत जमत नसेल, कदाचित सौद्याची रक्कम पटली नसेल. उलट एखादी मालिका वर्षानुवर्षे फिरत असेल तर ती सर्वोत्कृष्ट असते असेही नाही. ती पूर्ण उपलब्ध असते आणि स्वस्तात मिळते, इतकेच बऱ्याचदा तिचे पुण्य असते. अमेरिकेत २००९मध्ये मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण संपून डिजिटल आले तेव्हा प्रत्येक केंद्राला जादा उपवाहिन्या मिळाल्या, आणि त्या भरण्यासाठीच ‘मीटीव्ही’, ‘अँटेना टीव्ही’ यांसारख्या जुन्या मालिकांच्या वाहिन्यांची तेथे रेलचेल झाली.

खरी हानी होते ती संग्रह नसताना. सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणे हा बीबीसीपासून दूरदर्शनपर्यंत सर्वत्र रिवाज होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचे कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाले आणि त्यांचे मुद्रणच झाले नाही. ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ यांच्या आठवणी काढणारी पिढी हे कार्यक्रम वाहिनीवर सलग का दिसत नाहीत म्हणून हळहळते, तेव्हा दोष आजच्या वाहिनीला देऊन फारसा उपयोग नसतो; ते ज्या काळात बनले तो काळच टेप पुसण्याचा होता.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच गेले. पण जे परत मिळाले त्यांची हकिकत आपला हा फरक थोडा गुंतागुंतीचा करते. बीबीसीने हे भाग पुनःप्रक्षेपणासाठी परदेशी केंद्रांना फिल्मवर उतरवून विकले होते, आणि २०१३मध्ये नायजेरियातील जोस येथील एका प्रक्षेपण केंद्रात त्यांतले नऊ भाग सापडल्याचे जाहीर झाले. लंडनच्या मूळ संस्थेने जे पुसले ते दूरच्या एका केंद्राने, परत पाठवण्याचा किंवा नष्ट करण्याचा कंटाळा केल्यामुळे म्हणा, सांभाळले. पुनःप्रक्षेपणाची बाजारपेठ अशी कधीकधी नकळत संग्रहाचे काम करते. मात्र तो योगायोग असतो, आणि योगायोगाच्या भरवशावर राहण्याची वेळ येऊ नये म्हणूनच फ्रान्सने १९९२मध्ये पुस्तकांप्रमाणे नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रमही राष्ट्रीय संस्थेकडे जमा करणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडे १९५४चा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे ग्रंथालयांना द्यायला लावतो. दूरचित्रवाणी त्याच्या कक्षेत येत नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा भार मुख्यतः प्रसारभारतीच्या अभिलेखागारावर आहे, आणि त्यातला काही भाग आता यूट्यूबवर पाहता येतो.

संग्रहही निर्दोष नसतो, हे सांगायला हवे. कपाटात नुसती ठेवलेली टेप दमट हवेत चिकट होते, ती वाचणारी यंत्रे आता बनत नाहीत, आणि जे कोणालाच पाहता येत नाही ते जपले काय नि न जपले काय, असे म्हणण्याची पाळी येते. वाहिनीवर आलेली मालिका निदान लोकांच्या डोळ्यांसमोर राहते.

या दोन्हींतून निसटणारी एक गोष्ट मात्र लोकांच्या घरीच सापडते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी व्हीसीआरवर मालिका मुद्रित केल्या त्यांच्या कॅसेटींत मधल्या जाहिराती, निवेदिकेचे दोन शब्द, ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी, सुरू होऊ घातलेल्या बातम्या असे सगळे राहून गेले आहे. वाहिनीला त्याचा उपयोग नाही, आणि निर्मात्याने जपलेल्या प्रतीत ते मुळातच नसते. अशी कॅसेट घरात असेल तर ती जुन्या यंत्रात घालून पुढे-मागे पळवत बसू नये. टेप एकदा गुंतून तुटली की तेवढा तुकडा गेलाच. आधी तिची डिजिटल प्रत करून घ्यावी, डबीवर तारीख लिहिलेली असेल तर तीही प्रतीसोबत नोंदवावी, आणि जाहिराती कापायला सांगू नये.