न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक, १९६८

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात १२ मार्च १९६८ रोजी झालेले, डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याच्या प्रक्रियेतील त्या वर्षीचे पहिले मतदान. विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९.६ टक्के (२७,५२० मते), तर मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना ४१.९ टक्के (२३,२६३ मते) मिळाली. आकड्यांनुसार जॉन्सन जिंकले. पण एकोणीस दिवसांनी त्यांनीच मैदान सोडले, आणि ‘जॉन्सन न्यू हॅम्पशायरमध्ये हरले’ हा समज इतका पक्का झाला की तो आजही खोडून काढावा लागतो.

प्राथमिक निवडणूक, म्हणजे बोलीभाषेतली ‘प्रायमरी’, ही पक्षांतर्गत निवडणूक असते. पण ती पक्षाच्या कार्यालयात होत नाही. राज्य सरकार ती घेते, मतदान केंद्रे नेहमीचीच असतात आणि पक्षाचे साधे मतदार मत देतात. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येते आणि नाराज माणूस बंडखोरी करून अपक्ष उभा राहतो. तिथे बंडखोराला पक्षाच्या आतच, मतपेटीतून, दाद मागता येते. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रायमरी १९१६ पासून आहे आणि १९२० पासून ती देशात सर्वांत आधी होते. सुरुवातीला मतदार फक्त पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला, म्हणजे उमेदवार अखेर जिथे ठरतो तिथे, जाणारे प्रतिनिधी निवडत. १९४९ च्या कायद्याने मतपत्रिकेवर थेट अध्यक्षपदाच्या इच्छुकांची पसंतीही नोंदवता येऊ लागली. पसंतीचा कौल वेगळा, प्रतिनिधींची निवड वेगळी, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. १९६८ चे अर्धे नाट्य या दुहेरीपणात दडलेले आहे.

जॉन एफ. केनेडींच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन्सन अध्यक्ष झाले आणि १९६४ मध्ये प्रचंड बहुमताने निवडून आले. केनेडींच्या मुदतीतला दोन वर्षांहून कमी काळ त्यांच्या वाट्याला आल्यामुळे अध्यक्षाला दोनदाच निवडून येऊ देणाऱ्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार त्यांना आणखी एकदा उभे राहता येत होते. पण व्हिएतनाम युद्ध वाढत गेले. १९६७ मध्ये अॅलर्ड लोवेनस्टाइन आदी कार्यकर्ते जॉन्सनविरोधी उमेदवार शोधत फिरू लागले. त्यांनी आधी जॉन केनेडींचे धाकटे भाऊ, सिनेटर रॉबर्ट केनेडी यांना गळ घातली. ते तयार होईनात. शेवटी ३० नोव्हेंबर १९६७ रोजी मॅकार्थींनी उमेदवारी जाहीर केली. (पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्टांच्या नावाने रान उठवणारे जोसेफ मॅकार्थी ते हे नव्हेत.) हे मॅकार्थी कविता लिहिणारे, संथ लयीत बोलणारे, सभा जिंकण्याची फारशी हौस नसलेले गृहस्थ होते. पंडितांनी त्यांना मोजलेच नाही.

जानेवारीच्या अखेरीस टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्टीत उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएत काँगने (दक्षिणेतल्या कम्युनिस्ट गनिमांनी) दक्षिण व्हिएतनाममधल्या शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले. सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात हल्लेखोर शिरले. लष्करीदृष्ट्या हल्ले परतवले गेले, पण ‘युद्ध संपत आले आहे’ हे सरकारी पालुपद कोणाला पटेना. २७ फेब्रुवारीला वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी दूरचित्रवाणीवर हे युद्ध कोंडीत सापडल्याचे मत मांडले. मतदानाच्या दोन दिवस आधी, १० मार्चला, व्हिएतनाममधल्या अमेरिकन फौजांचे सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांनी आणखी २,०६,००० सैनिक मागितल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली.

अशा हवेत जॉन्सन मात्र रिंगणात नव्हतेच. त्यांनी उमेदवारी जाहीर केलेली नव्हती आणि मतपत्रिकेवर त्यांचे नाव नव्हते. त्यांना मत द्यायचे तर मतदाराने पेन्सिल उचलून कोऱ्या ओळीवर स्वतः त्यांचे नाव लिहायचे. याला ‘राइट-इन’ म्हणतात. भारतात अशी सोय नसल्याने ती विचित्र वाटते, पण न्यू हॅम्पशायरला ती नवी नव्हती. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी हेन्री कॅबट लॉज यांनी अशाच लिहिलेल्या नावांवर जिंकली होती, आणि तेव्हा ते राजदूत म्हणून सायगावात बसलेले होते. अध्यक्षाने उघड प्रचार करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आपल्या बरोबरीला आणणे. नाव बाहेर ठेवले की हरलो तरी ‘मी उभाच नव्हतो’ म्हणता येते. हिशेब धूर्त होता. त्याचे दुसरे टोक असे की हजारो लोकांकडून नाव लिहून घ्यायचे तर संघटना कामाला लावावी लागते, आणि मग ‘मी उभा नव्हतो’ हे कोणी ऐकत नाही.

ती संघटना राज्याचे गव्हर्नर जॉन किंग आणि सिनेटर थॉमस मॅकिंटायर यांनी उभी केली. त्यांची युक्ती म्हणजे प्रतिज्ञापत्रके. प्रत्येक पत्रकावर क्रमांक होता आणि त्याचे तीन भाग होते: एक मतदाराने ठेवायचा, एक पक्ष कार्यालयात, आणि तिसरा थेट व्हाइट हाउसला. ‘मी जॉन्सन यांचे नाव लिहीन’ असे सही करून द्यायचे. कार्यकर्त्यांना यात निष्ठेची मोजणी दिसली. मतदारांना पाळत दिसली. आमसभेत उभे राहून गावचा रस्ता आणि शाळेचा खर्च ठरवणाऱ्या या डोंगराळ राज्यात, कोणी कोणाला मत देणार याची नोंद वॉशिंग्टनला जाणे लोकांना अजिबात रुचले नाही. मॅकार्थींच्या बाजूने लगेच सवाल टाकला, गुप्त मतदानाचे काय झाले? पुढे जॉन्सन समर्थकांनी जाहिरात दिली की व्हिएतनाममधले कम्युनिस्ट या प्रायमरीकडे डोळे लावून आहेत. मॅकार्थींना मत म्हणजे शत्रूला आनंद, असा त्याचा रोख होता. माझ्या मते या दोन चुकांनी मॅकार्थींना जेवढी मते मिळवून दिली, तेवढी त्यांच्या भाषणांनी दिली नसतील.

मॅकार्थींकडे पक्षयंत्रणा नव्हती, विद्यार्थी होते. ईशान्येकडच्या महाविद्यालयांतून ते शनिवार-रविवारी बसने येत आणि दारोदार फिरत. पण लांब केस आणि दाढीवाला पोरगा दारात दिसला तर राज्यातल्या मँचेस्टर शहराच्या गिरणी कामगाराच्या घरात युद्धाबद्दल बोलणे सुरू होण्याआधीच दार बंद होईल, हे संयोजकांनी ओळखले. त्यामुळे दाढ्या उतरल्या, केस कापले गेले, मुलींचे स्कर्ट लांब झाले. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांना मागच्या खोलीत पाकिटांवर पत्ते लिहायला बसवले. ‘जीनसाठी नीटनेटके’ अशा अर्थाची घोषणा त्यातूनच आली. जीन हे यूजीनचे घरगुती रूप. दारात उभे राहून मतदाराशी वाद घालायचा नाही, त्याचे ऐकून घ्यायचे, अशी शिस्त होती.

प्रतिनिधींच्या निवडीत जॉन्सन गटाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जागा २४ होत्या. मॅकार्थींच्या बाजूने बरोबर २४ जण उभे होते. जॉन्सन यांच्या नावाने मात्र ४५ जण, कारण प्रत्येक स्थानिक पुढाऱ्याला अधिवेशनाला जायचे होते आणि कोणी माघार घेईना. मते फुटली. पसंतीच्या कौलात मागे राहिलेल्या मॅकार्थींना २४ पैकी २० प्रतिनिधी मिळाले.

हा निकाल युद्धविरोधी कौल होता का? नेहमी तसेच सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर मतदारांच्या मुलाखती तपासल्या, तेव्हा मॅकार्थींना मत देणाऱ्यांमध्ये युद्ध अधिक जोरात लढावे असे वाटणारे लोक शांततावाद्यांपेक्षा जास्त निघाले. प्रमाण साधारण तीनास दोन. त्यांचा राग युद्धावर नव्हता, ते हाताळणाऱ्या माणसावर होता. राग व्यक्त करायला मतपत्रिकेवर एक नाव हवे होते, ते मॅकार्थींचे मिळाले.

घटना मग झपाट्याने घडल्या. १६ मार्चला रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले, आणि थंडीत महिनाभर राबलेल्या मॅकार्थींच्या पोरांना तो आयत्या बिळावरचा नागोबा वाटला. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर उत्तर व्हिएतनामच्या बऱ्याच भागावरचे बाँबहल्ले थांबवत असल्याचे सांगितले आणि भाषणाच्या शेवटी, आपण पक्षाची उमेदवारी मागणार नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही, असे जाहीर केले. प्रकृतीमुळे हा विचार आपल्या मनात आधीपासून होता, असे त्यांचे नंतरचे म्हणणे. दोनच दिवसांनी विस्कॉन्सिनमध्ये मतदान होते; तिथल्या मतपत्रिकेवर त्यांचे नाव होते, आणि तिथे मॅकार्थींना सुमारे ५६ टक्के मते पडली.

उमेदवारी मात्र मॅकार्थींना मिळाली नाही. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांची निवड झाली, एकही प्रायमरी न लढता. कारण तेव्हा बहुतांश प्रतिनिधी पक्षनेतेच ठरवत. शहराच्या रस्त्यांवर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. या असंतोषातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला, त्याने प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमऱ्यांची संख्या वाढत गेली.

विद्यमान अध्यक्षाला या राज्याने घाम फोडल्याची ही पहिली वेळ नव्हती. १९५२ मध्ये टेनेसीचे सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी हॅरी ट्रुमन यांना इथे चक्क हरवले आणि त्याच महिन्यात ट्रुमन बाजूला झाले. १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड रोनाल्ड रेगन यांच्यासमोर दीड टक्क्याच्या आसपास फरकाने तगले. १९९२ मध्ये थोरले जॉर्ज बुश जिंकले, पण पॅट ब्यूकॅनन यांनी ३७ टक्के मते घेतली. ट्रुमन, फोर्ड, बुश यांपैकी कोणीही पुढची मुदत भोगली नाही.

२०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या मतदानाचा मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरने आपली प्रायमरी सर्वांत आधी घ्यायला लावणाऱ्या राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून २३ जानेवारीला ती उरकलीच. पक्षाच्या वेळापत्रकाचा मान राखण्यासाठी जो बायडन यांनी तिथे अर्ज भरला नाही, म्हणून समर्थकांनी पुन्हा कोऱ्या ओळीवर विद्यमान अध्यक्षाचे नाव हाताने लिहायची मोहीम चालवली. बायडन यांना सुमारे ६४ टक्के मते मिळाली, आणि या वेळी विजयाला कोणी पराभव म्हटले नाही. २१ जुलैला त्यांनी उमेदवारीतून माघार घेतली ती डोनाल्ड ट्रम्प यांच्याबरोबरच्या जूनमधल्या वादचर्चेनंतर. न्यू हॅम्पशायरचा त्या माघारीशी संबंध नव्हता.