‘एवढंच’ या शब्दामागचं पुणं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने हरिभाऊ आपट्यांची कादंबरी ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून चार पानी प्रतिसाद लिहून दिला. पहिल्याच पानावर तिने विचारलं होतं : ‘मॅडम म्हणतात ही प्रेमाचीही गोष्ट आहे. पण यात प्रेम कुठे आहे? नवरा बायकोला लिहा-वाचायला लावतो, एवढंच.’ ‘एवढंच’खाली दोन रेघा. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर कादंबरीइतकंच त्या काळातही शोधावं लागतं.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. कादंबरीची नायिका यमू, तिची कहाणी त्यातूनच १८९३पर्यंत क्रमशः आली, तिच्याच तोंडून सांगितलेली. त्याआधी मराठी वाचकाला कादंबरीतलं प्रेम माहीत होतं ते ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा पुस्तकांतलं : अद्भुत प्रसंग, ताटातूट, योगायोगाने भेट. विधवांचं दुःख बाबा पदमनजींनी १८५७मध्येच ‘यमुनापर्यटना’त मांडलं होतं, आणि तिथल्या नायिकेचं नावही यमुनाच, पण तिथे ओढा ख्रिस्ती धर्मप्रसाराकडे होता. साध्या ब्राह्मण घरातल्या माजघरात, आते-मामे सासवांच्या नजरेखाली नवरा-बायकोत जिव्हाळा कसा रुजतो, हे हरिभाऊंनी ज्या बारकाईने दाखवलं, तसं त्याआधी मराठीत कुणी दाखवलं नव्हतं असं माझं मत आहे.

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. त्याचं नाव घ्यायचं नाही, दिवसा त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. अशा घरात रात्री दिव्याजवळ पुस्तक उघडून दोघांनी शेजारी बसणं ही बंडाची गोष्ट होती. ही काही कल्पना नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांचं १८७३मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न झालं आणि त्यांनी तिला शिकवायला घेतलं, तेव्हा घरातल्या बायकांनी तिला किती टोचून बोललं हे रमाबाईंनीच पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. मुलींसाठी पुण्यात हुजूरपागा ही शाळा निघाली ती १८८४ साली. तोवर, आणि पुढेही बरीच वर्षं, पुष्कळ मुलींना अक्षरओळख होण्याची वाट नवऱ्याच्या मर्जीतूनच जात होती. ‘एवढंच’ ते हे.

त्याच १८८४मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीने आपल्या बायकोवर, रखमाबाईवर, नांदायला येण्यासाठी दावा लावला. लहानपणी, संमतीवाचून झालेलं लग्न मानणार नाही, असं ती ठामपणे सांगत राहिली. १८८७मध्ये कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा तिने तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८मध्ये तडजोड झाली आणि पुढे ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. लग्नात बाईच्या मनाला जागा आहे का, हा प्रश्न त्या खटल्याने घराघरांत नेला. पाठोपाठ संमतिवयाचं बिल आलं. शरीरसंबंधाला मुलीची संमती धरण्याच्या वयाची मर्यादा दहावरून बारा करायची, एवढ्यावरून पुणं दुभंगलं. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, म्हणून टिळकांचा ‘केसरी’ विरोधात. आगरकरांचा ‘सुधारक’ कायद्याच्या बाजूने. १८९१च्या मार्चमध्ये कायदा झाला. ‘करमणूक’ तेव्हा नुकतीच घरांत पोचू लागली होती.

यमूचा नवरा जातो आणि सासरची माणसं तिचं बळजबरीने केशवपन करतात. त्या मुलीने इथे फक्त लिहिलं आहे, ‘हे मला दोन वेळा वाचता आलं नाही.’ तिला मी एक गोष्ट आवर्जून सांगितली : १८९०मध्येच मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली होती आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं तिथे ठरलं. कादंबरीत वस्तरा चालतो, पण वस्तरा धरणाऱ्या हातांनी तोवर नाही म्हणायला सुरुवात केली होती.

आणि १८९३मध्ये, यमूची गोष्ट संपली त्याच साली, धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्याच गावच्या, मुरूडच्या, गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं.