दोनदा रुग्णालय पाडलं, चॅपल मात्र जागेवरच

लंडनच्या फिट्झरोव्हिया भागात पिअर्सन स्क्वेअर नावाचा एक छोटा चौक आहे. भोवती नवी कार्यालयं, फ्लॅट आणि दुकानं, आणि मधे लाल विटांचं एक बुटकं चॅपल, म्हणजे छोटं ख्रिस्ती प्रार्थनागृह. या संकुलाला आज फिट्झरॉय प्लेस म्हणतात. त्याआधी अडीचशे वर्षं इथे मिडलसेक्स हॉस्पिटल होतं आणि चॅपल त्याचंच.

1745 मध्ये जवळच्याच विंडमिल स्ट्रीटवर काही मोजक्या खाटांनी ते सुरू झालं आणि 1757 मध्ये मॉर्टिमर स्ट्रीटवरच्या या जागेवर आलं. पुढे गरज पडेल तशी जोडकामं होत गेली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना सोपे आणि खोल्या जोडत गेले, तसंच. भारवाहक भिंतींच्या इमारतीला असं वाढवणं सोसतंच असं नाही. 1924 मध्ये ही इमारत संरचनेच्या दृष्टीने निकामी ठरली आणि सगळं पाडून पुन्हा बांधायचा निर्णय झाला. विशेष म्हणजे रुग्णालय एक दिवसही बंद ठेवलं नाही. एक भाग पाडायचा, त्या जागी नवा उभारायचा, रुग्ण तिकडे हलवायचे आणि मग पुढच्या भागाला हात घालायचा. 1935 मध्ये हे काम संपलं. पुनर्विकास म्हटला की आधी जागा रिकामी करून द्या, हे ऐकायची सवय झालेल्या आपल्याला यातला धीर कळायला हवा.

या साऱ्या धुळीत चॅपल जागचं हललं नाही. जॉन लॉफबरो पिअर्सन या वास्तुविशारदाने त्याचं काम 1891 मध्ये सुरू केलं. 1897 मध्ये तो वारला, तेव्हा मुलाने, फ्रँकने, ते पुढे नेलं. आतलं छत सोनेरी मोझेइकचं, म्हणजे बारीक तुकडे जोडून केलेल्या नक्षीचं, भिंती संगमरवराने मढवलेल्या. बाहेरून मात्र साध्या विटा. मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग जानेवारी 1936 मध्ये याच रुग्णालयात वारला आणि त्याचं पार्थिव या चॅपलमध्ये ठेवलं होतं.

2005 मध्ये रुग्णालय बंद झालं, जागा विकली गेली आणि 2008 मध्ये पाडकाम झालं. त्याच वर्षी पैसा पुरवणारी आइसलँडची काउपथिंग बँक कोसळली आणि प्रकल्प थांबला. रिकाम्या मैदानात संरक्षित दर्जाचं चॅपल एकटं उभं राहिलं. नव्या भागीदारांनी काम पुन्हा हाती घेतलं आणि 2015 च्या सुमारास फिट्झरॉय प्लेस उभं राहिलं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. लंडनच्या जमिनीखाली जाड चिकणमाती आहे. वरची जड इमारत काढली आणि तळघरासाठी माती उपसली, की वजन हलकं झालेली ही माती फुगते आणि वर येते. नवी इमारत चढू लागली की पुन्हा दबते. या वरखाली होण्यात शेजारचा जुना, उथळ पाया एका बाजूने उचलला वा खचला, तर वरच्या विटांच्या कमानीला ते झेपत नाही. कमान दाबावर उभी असते, ताण तिला चालत नाही. म्हणून खोदायच्या आधी कडेने पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांची, भिंत घालतात, तिला आतून टेकू देतात आणि जुन्या बांधकामावर खुणा लावून त्यांची जागा वरचेवर मोजत राहतात. याची जुनी, आपल्याकडेही वापरात असलेली रीत म्हणजे भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख घालणं. भिंत हलली की काच तडकते. मोझेइकच्या बाबतीत तेवढीही हालचाल परवडत नाही.

नॅसाउ स्ट्रीटच्या बाजूला जुना दर्शनी भाग ठेवून मागे नवं बांधकाम झालं आहे. तिथे प्रश्न निराळा. मागचे मजले गेले की तेवढी एक पातळ, उंच भिंत वाऱ्याला तोंड देत उभी राहते, आणि नवे मजले तिला बांधले जाईपर्यंत तात्पुरत्या पोलादी सांगाड्याने धरून ठेवावी लागते. हा सांगाडा पुढे उतरवला जातो, त्यामुळे पूर्ण झालेल्या इमारतीच्या फोटोत तो कधी दिसत नाही. पण माझ्या मते अशा कामातलं सगळ्यात अवघड डिझाइन त्याचंच असतं.

रुग्णालयाच्या पोटात दडलेल्या चॅपलच्या त्या साध्या विटांच्या भिंती आता चौकातून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसतात. आत लग्नं होतात, प्रदर्शनं भरतात.