किनारपक्ष्यांचे छायाचित्रण

चिखलात, वाळूवर किंवा उथळ पाण्यात चालत अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांची त्यांच्याच अधिवासात छायाचित्रे टिपण्याची पद्धत. चिखल्या, तुतवार, पाणटिवळा, कोरल, शेकाट्या हे खरे किनारपक्षी. बगळे, शराटी, चमचा, चित्रबलाक आणि रोहित (फ्लेमिंगो) यांची कुळे वेगळी असली तरी ते त्याच पाण्यात उभे असतात. म्हणून छायाचित्रकार त्यांना याच गटात धरतात.

मोकळ्या रानातील पक्ष्यांच्या छायाचित्रणात या गटाला सुरुवातीपासून मान आहे. इंग्लंडच्या रेजिनाल्ड लॉज यांना 1895 मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले, ते अंडी उबवणाऱ्या टिटवीच्या छायाचित्रासाठी. त्याच काळात रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू बैलाचे कातडे चढवलेल्या पोकळ सांगाड्यात दडून पक्षी टिपत. आजच्या 400 ते 600 मिलिमीटरच्या भिंगांमुळे अंतर वाढवता आले, पण पक्ष्याला आपली धास्ती वाटू द्यायची नाही हे सूत्र तेच आहे.

समुद्रकाठी सगळे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. पूर्ण ओहोटीला चिखलाचे मैदान दूरवर उघडे पडते आणि पक्षी त्यावर विखुरतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, तेव्हा ते मिठागरांच्या बांधांवर किंवा उंचवट्यांवर दाटीने विसावतात. कामाची वेळ या दोन्हींच्या मधली, भरतीच्या आधीचे दोनेक तास. पाणी चढत येते तसे चरणारे पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता. शिवडीची खाडी पूर्वेला असल्याने तिथे सकाळी ऊन डोळ्यांवर येते, तर दुपारनंतर पाठीशी असते. त्यामुळे षष्ठी-सप्तमीची संध्याकाळ प्रकाशाला उत्तम. मात्र ती भांगाच्या भरतीजवळची असल्याने पाणी फार वर चढत नाही, पक्षीही थोडे लांबच राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते जवळ येतात, पण नेमके भर दुपारच्या कडक उन्हात, आणि तापलेल्या चिखलावरची थरथरती हवा चित्र अस्पष्ट करते. या ओढाताणीतून वेळ निवडणे हेच मुंबईकर छायाचित्रकाराचे खरे कसब. कॅमेऱ्याचा दर्जा त्यानंतर.

पुण्या-सोलापूरच्या सीमेवरील भिगवणला हा हिशेब लागू होत नाही. तिथे उजनी धरणाचे पाणी हिवाळा-उन्हाळ्यात ओसरते आणि गाळाची पट्टी हळूहळू उघडी पडते. मासेमारांच्या सपाट होड्यांमधून पाण्यालगत बसता येते, हा तिथला मोठा लाभ.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणणे हा या कामाचा गाभा आहे. उभ्याने टिपलेला तुतवार चिखलाच्या पार्श्वभूमीत विरून जातो. तोच पोटावर झोपून टिपला, तर मागचा-पुढचा भाग धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. अलिबागजवळच्या अक्षीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर असे झोपता येते. ठाणे खाडीचा चिखल मात्र माणसाला गिळणारा आहे, तिथे होडी किंवा धक्काच बरा. शेकाट्या किंवा रोहित टिपताना पाय आणि प्रतिबिंब चौकटीत पुरे मावावे म्हणून खाली जागा सोडतात. काळपट पाण्यापुढचा पांढरा बगळा कॅमेऱ्याच्या स्वयंमापनाला फसवतो आणि पिसांचा तपशील जळतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) थोडे उणे ठेवतात. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या 1/2000 च्या आसपासचा शटरवेग लागतो.

थवा उडावा म्हणून होडी त्याच्यावर घालणे, टाळ्या वाजवणे किंवा ड्रोन जवळ नेणे हा या छंदाला लागलेला रोग आहे. भिगवणलाही असा आग्रह धरणारे पर्यटक दिसतात. हे पक्षी थंडी संपताना लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात आणि प्रत्येक अकारण उड्डाणात ती खर्च होते. त्यांच्या प्रवासाचा आवाका प्रचंड असतो. पट्टेरी शेपटीच्या एका पाणटिवळ्याने ऑक्टोबर 2022 मध्ये अलास्का ते टास्मानिया हे सुमारे 13,560 किलोमीटरचे अंतर 11 दिवसांत, कुठेही न उतरता कापले. वाळूत अंडी घालणाऱ्या चिखल्यांबाबत तर घरट्याजवळ थांबणेच टाळावे. पालक उठले की उघडी अंडी उन्हात तापतात. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याचे नियम पाळावे लागतात. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला.

या छायाचित्रांचा अभ्यासालाही उपयोग होतो. 1883 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत पट्ट्या घालते. पट्टीच्या रंगांवरून पक्षी कुठल्या प्रदेशात पकडला गेला ते कळते, तर तिच्यावरील अक्षरांवरून तो नेमका कोणता पक्षी ते. त्यासाठी दोन्ही पाय स्पष्ट दिसायला हवेत आणि पट्टी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, हेही कळायला हवे. अशी नोंद संस्थेला कळवताना मूळ छायाचित्र न कापता, दिनांक आणि ठिकाणासह पाठवतात.